सेवा करता करता आजारी पडलेल्यांचा आपल्यावरील हक्क

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.



कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला आमचा चंदगड तालुका वसलेला आहे. एका अंगाला कर्नाटकातील बेळगाव जिल्हा, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीचा घाट आणि घाटाखाली सिंधुदुर्ग व गोवा. पाऊस उदंड, काजूच्या बागा, ऊस आणि भाताची शेती, आणि पोटासाठी मुंबईला गेलेली घरटी एक-दोन माणसे, असे आमचे जीवन आहे. जिल्ह्याचे ठिकाण शंभरावर किलोमीटर दूर. त्यामुळे मोठे दुखणे आले की आमची माणसे जवळचे म्हणून बेळगाव गाठतात. 2020 साली कोरोनाची साथ आली, राज्यांच्या सीमांवर अडसर पडले आणि तो नेहमीचा रस्ताही अवघड झाला. त्या दिवसांत आमच्याजवळ काय उरले होते? गावातील प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय, तेथील डॉक्टर, परिचारिका, रुग्णवाहिकेचे चालक, सफाई कर्मचारी आणि दारोदार फिरणाऱ्या आशाताई.

मे महिन्यात मुंबईहून माणसे गावाकडे परतू लागली. शाळांचे वर्ग विलगीकरणासाठी रिकामे करण्यात आले. तो रमजानचा महिना होता. मशिदी बंद होत्या आणि आपण तरावीह घरातच अदा करीत होतो. आपण दाराआड सुरक्षित बसलो होतो, तेव्हा काही माणसे रोज सकाळी घराबाहेर पडून आजाऱ्याच्या जवळ जात होती. त्यांपैकी कित्येकांना त्याच आजाराने गाठले. कित्येक बरे झाले, कित्येक परत आले नाहीत.

त्या दिवसांना आता काही वर्षे लोटली आहेत. माणूस विसरतो, हा त्याचा स्वभावच आहे. परंतु हक्क विसरला म्हणून तो फिटत नाही. सेवा करता करता ज्यांना संसर्ग झाला, त्यांचा आपल्यावर कोणता हक्क आहे आणि तो आपण दिला काय, याचा विचार आज आपण कुरआन व हदीसच्या प्रकाशात करणार आहोत.

एक कबुली

उपदेश करणाऱ्याने प्रथम स्वतःचा हिशेब मांडावा, म्हणून एक गोष्ट सांगतो.

आमच्या आळीत एक परिचारिका राहत असे. ती आपल्या धर्माची नव्हती, पण सारी आळी तिला ‘सिस्टर’ म्हणूनच ओळखत असे. आमच्या आळीतील कित्येक मुलांचा जन्म तिच्या हातांवर झालेला. 2020 च्या पावसाळ्यात तिचा अहवाल पॉझिटिव्ह आला. रुग्णवाहिका दारात आली तेव्हा लोक खिडक्यांतून मोबाईलवर चित्रण करीत होते. ती गेली. मागे तिचा नवरा, म्हातारी सासू आणि दोन लहान मुले राहिली. दारासमोर बांबू बांधले गेले. दूधवाल्याने दूध घालणे बंद केले.

माझ्या पत्नीने त्या घरी जेवणाचा डबा पाठवण्याचा विचार बोलून दाखवला. डबा उंबऱ्यावर ठेवून मागे फिरता आले असते, त्यात कसलाही धोका नव्हता. मी म्हणालो, ‘चार दिवस थांब, लोक काय म्हणतील ते पाहू.’ ते चार दिवस पुढे कधी संपलेच नाहीत. सिस्टर बरी होऊन, विलगीकरणाची मुदत पुरी करून घरी आली. एके सकाळी कामावर जाताना तिने नेहमीप्रमाणे मला हाक मारली, आणि मी दार लोटून घेतले.

मी त्या दिवसांत पाच वेळची नमाज अदा करीत होतो. कुरआनचे पठणही चालू होते. ते लोटलेले दार मात्र माझ्या कर्मपत्रात लिहिले गेले आहे. या लेखाच्या शेवटी मी त्याकडे परत येईन.

शुश्रूषा करणाराच का आजारी पडतो?

काही लोक त्या काळात म्हणत, ‘डॉक्टरांना सगळे माहीत असते, मग त्यांनाच आजार कसा होतो? त्यांनीच निष्काळजीपणा केला असेल.’ हा अज्ञानातून आलेला आरोप आहे. आपण वाटेत रुग्णाला ओलांडतो तेव्हा त्याचा सहवास क्षणाचा असतो. परिचारिका मात्र त्याच्याजवळ तासन्‌तास असते. ती त्याला कूस बदलून देते, तोंडाला पाणी लावते, खोकल्याची ढास येते तेव्हा त्याला आधार देते. अत्यवस्थ रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालताना डॉक्टरचा चेहरा रुग्णाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो, आणि त्या वेळी विषाणूचे कण अंगावर येण्याचा धोका असतो. पीपीई किट अंगावर चढवले की पाणी पिता येत नाही, लघवीला जाता येत नाही, घामाने अंग निथळते. सहा-आठ तासांनी थकलेल्या हातांनी ते उतरवताना बाहेरील बाजूचा स्पर्श चुकून चेहऱ्याला झाला तरी संसर्ग होऊ शकतो. शिवाय सुरुवातीच्या महिन्यांत अनेक ठिकाणी किट आणि चांगले मास्क पुरेसे नव्हतेच. मुंबईत एप्रिल 2020 मध्ये एका खाजगी रुग्णालयातील वीसहून अधिक परिचारिका व तीन डॉक्टर बाधित आढळले आणि ते रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र जाहीर करावे लागले.

ही केवळ आपल्या राज्याची गोष्ट नव्हे. चीनमधील वुहान शहरात या आजाराबद्दल आपल्या सहकाऱ्यांना सावध करणारे नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग स्वतः त्याच आजाराने 7 फेब्रुवारी 2020 रोजी मरण पावले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी 2020 ते मे 2021 या काळात जगभरात 80,000 ते 1,80,000 आरोग्य कर्मचारी कोरोनाने दगावले असावेत. आपल्या देशात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नोंदीप्रमाणे पहिल्या लाटेत सातशेहून अधिक आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा सातशेहून अधिक डॉक्टर मृत्यू पावले. यात परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कर्मचारी, चालक आणि आशाताई यांची गणती नाही. या आकड्यांतील प्रत्येक माणसामागे कोणाचे तरी घर होते.

दिव्य कुरआनची शिकवण आहे की ज्याने एका माणसाचा जीव वाचवला, त्याने जणू साऱ्या मानवजातीला जीवदान दिले (सूरह माइदा, 5:32). तेथे जीव वाचवणाऱ्याचा धर्म, जात किंवा पगार विचारलेला नाही. मग जे हे कार्य करताना स्वतःच आजारी पडले, त्यांच्या कार्याचे मोल अल्लाहजवळ किती असेल, याचा अंदाज आपण काय बांधणार?

अमवासची साथ : दोन माणसे, दोन कर्तव्ये

साथीच्या काळात श्रद्धावंताने कसे वागावे, याचा आदर्श आपल्याला सहाबांच्या जीवनात सापडतो. हिजरी सन 18, म्हणजे इसवी सन 639 च्या सुमारास सीरियाच्या भूमीत प्लेगची मोठी साथ पसरली. जेरुसलेमजवळील अमवास या गावावरून इतिहासात तिला ‘ताऊन-ए-अमवास’ असे म्हणतात.

माननीय उमर (रजि.) त्या वेळी सीरियाच्या दौऱ्यावर निघाले होते. सर्ग या ठिकाणी त्यांना साथीची वार्ता कळली. सहाबांशी सल्लामसलत करून त्यांनी मागे फिरण्याचा निर्णय घेतला. सीरियातील सैन्याचे प्रमुख माननीय अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, आपण अल्लाहने लिहिलेल्या भाग्यापासून पळता आहात काय? माननीय उमर (रजि.) यांनी उत्तर दिले की होय, आम्ही अल्लाहच्या एका निर्णयाकडून अल्लाहच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत. इतक्यात माननीय अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सांगितली की जेथे साथ आहे तेथे जाऊ नका, आणि तुम्ही असलेल्या ठिकाणी साथ आली तर तेथून पळून बाहेर पडू नका. माननीय उमर (रजि.) यांनी अल्लाहचे आभार मानले आणि ते परतले. ही घटना सहीह बुखारीत नोंदवलेली आहे.

पुढची घटना इतिहासकारांनी नोंदवली आहे. मदीनेला पोहोचल्यावर माननीय उमर (रजि.) यांना अबू उबैदांची काळजी लागून राहिली. त्यांनी पत्र पाठवले की एका कामासाठी तुमची तातडीने गरज आहे, त्वरित निघून या. अबू उबैदा (रजि.) यांना पत्रामागचा हेतू कळला. त्यांनी नम्रपणे कळवले की मी मुस्लिम सैनिकांमध्ये आहे, त्यांना सोडून स्वतःचा जीव वाचवावा असे मला वाटत नाही, मला या आज्ञेतून मोकळे करावे. ते पत्र वाचून अमीरुल मोमिनीन रडले. त्यानंतर अबू उबैदा (रजि.) त्याच साथीत मरण पावले. त्यांच्यानंतर जबाबदारी घेतलेले माननीय मुआज बिन जबल (रजि.) हेही त्याच साथीत गेले. मग माननीय अम्र बिन आस (रजि.) यांनी लोकांना डोंगरांवर पांगवले आणि साथ ओसरली.

बंधू-भगिनींनो, या घटनेकडे नीट पाहा. एकजण मागे फिरला आणि एकजण थांबला. दोघेही स्वर्गाची शुभवार्ता मिळालेल्या दहा सहाबांपैकी होते. दोघांपैकी कोणीही चुकला नाही. ज्याच्या जाण्याने आजार वाढला असता, त्याने दूर राहावे. ज्याच्यावर लोकांचा भार आहे, त्याने लोकांना सोडू नये. साथीच्या काळात आपण सर्वसामान्य माणसे माननीय उमर (रजि.) यांच्या जागी होतो, घरात थांबणे हे आपले कर्तव्य होते. आरोग्य केंद्रातील माणसे अबू उबैदा (रजि.) यांच्या जागी होती. आपल्याला दूर राहता आले, कारण कोणीतरी जवळ जात होते. हे ज्याला उमगले तो अशा माणसाला पाहून दार लोटणार नाही.

तवक्कुल आणि मास्क

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे आवश्यक आहे. ‘अल्लाहवर भरवसा आहे, मग मास्क कशाला?’ असे बोलणारे तेव्हाही होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण दिली (तिर्मिजी). आजारी उंट निरोगी उंटांमध्ये आणू नयेत, असेही त्यांनी सांगितले (बुखारी, मुस्लिम). आपल्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये, हा कुरआनचा आदेश आहे (सूरह बकरा, 2:195). चौदाव्या शतकात ग्रॅनाडाचे विद्वान इब्नुल खतीब यांनी प्लेगबद्दल लिहिताना अनुभव आणि निरीक्षणाच्या आधारे संसर्गाचे अस्तित्व मांडले होते. कपडे, भांडी व माणसांच्या सहवासातून आजार पसरतो, हे त्यांनी दाखवले. सावधगिरी म्हणजे ईमानची उणीव नव्हे.

याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. उंट बांधण्यासाठी दोर लागतो. शुश्रूषा करणाऱ्याच्या हातात मोजे, तोंडावर चांगला मास्क आणि ड्यूटीनंतर विश्रांती देणे हा तो दोर आहे. जो अधिकारी, जी संस्था, जो समाज त्यांना साधनांविना आजाऱ्याकडे पाठवतो आणि वर ‘शूर योद्धे’ म्हणून टाळ्या वाजवतो, तो अमानतीत खयानत करतो. आणि जो रुग्ण आपला प्रवास लपवतो, ताप लपवतो, तपासणी टाळतो, तो आपल्यासमोर उभ्या असलेल्या परिचारिकेच्या जिवाशी खेळतो. कोणाला इजा करू नये आणि इजेच्या बदल्यात इजा करू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण (इब्ने माजा) तेथेही लागू आहे.

आपल्याच भूमीतील उदाहरण

आपल्या महाराष्ट्राने अशी सेवा पूर्वीही पाहिली आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे पुण्यात पसरला. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. सावित्रीबाई तेथे स्वतः रुग्णांची सेवा करीत. मुंढव्याच्या एका दलित कुटुंबातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. डॉ. यशवंतही पुढे 1905 मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच मरण पावले. ज्या बाईला शाळा चालवते म्हणून लोकांनी शेण मारले, तिने लोकांच्या मुलांसाठी प्राण वेचला.

आणि इस्लामच्या इतिहासात माननीय रुफैदा (रजि.) यांचे नाव आपल्या मुलींना ठाऊक आहे काय? खंदकच्या लढाईत माननीय सअद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना रुफैदांच्या तंबूत ठेवण्यास सांगितले. तो तंबू मस्जिद-ए-नबवीच्या आवारात होता. प्रेषितांच्या (स.) मशिदीत रुग्णसेवा करणाऱ्या स्त्रीला जागा होती, आणि आज आपल्यातील काही पालक मुलीने परिचारिकेचा अभ्यासक्रम घेतला की मान खाली घालतात. लग्नाची बोलणी करताना मुलाकडील मंडळी विचारतात की ती रात्रपाळी सोडणार ना? माता-पित्यांनो, ज्या दिवशी आपली आई श्वासासाठी तडफडेल, त्या रात्री रात्रपाळीला कोणाची तरी मुलगी लागेल. ती दुसऱ्याचीच असावी, असा आग्रह का?

आपण काय केले?

आता कटू भागाकडे येऊ. 1 एप्रिल 2020 रोजी इंदूर शहरात एका मुस्लिम वस्तीत तपासणीसाठी गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. त्या पथकात दोन महिला डॉक्टर होत्या, आणि त्यांतील एक मुस्लिम होती. अफवा आणि भीती यांनी त्या जमावाला आंधळे केले होते. त्या दोघी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वस्तीत कामाला गेल्या. त्या शहरातील मुस्लिमांनी पुढे वर्तमानपत्रातून जाहीर माफी मागितली, हे त्यांनी योग्य केले.

हे खरे की त्या दिवसांत आपल्या समाजावर साथ पसरवल्याचा अन्याय्य आरोप झाला. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तब्लिगी जमातच्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवण्यात आल्याचे मत व्यक्त केले. परंतु आपल्यावर झालेला अन्याय आपण केलेल्या अन्यायाचे उत्तर होऊ शकत नाही. कयामतच्या दिवशी प्रत्येकाला स्वतःच्या कर्माचा जाब द्यायचा आहे.

हा रोग एकाच समाजाचा नव्हता. त्याच एप्रिल महिन्यात चेन्नईत कोरोनाने मरण पावलेल्या एका मेंदूशल्यचिकित्सकाच्या दफनाला जमावाने विरोध केला, रुग्णवाहिका फोडली आणि शेवटी एका सहकारी डॉक्टरला रात्री स्वतःच्या हातांनी कबरीत माती लोटावी लागली. देशभरातील अशा घटनांमुळे केंद्र शासनाला 22 एप्रिल 2020 रोजी 1897 च्या साथरोग कायद्यात अध्यादेशाने दुरुस्ती करावी लागली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यास कैद व दंडाची शिक्षा ठरवावी लागली. जे काम माणुसकीने व्हायला हवे होते, ते पोलिसांवर सोपवावे लागले.

आमच्या तालुक्यात दगड पडले नाहीत, म्हणून आम्ही निर्दोष ठरतो काय? नाही. आम्ही नुसती नजर फिरवली. विहिरीवरून, किराणा दुकानावरून, भाड्याच्या खोलीवरून माणसाला न बोलता परतवता येते. कुरआनने जवळच्या आणि दूरच्या, दोन्ही शेजाऱ्यांशी सद्वर्तनाचा आदेश दिला आहे (सूरह निसा, 4:36). ज्याच्या उपद्रवापासून त्याचा शेजारी सुरक्षित नाही, त्याच्या ईमानबद्दल प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तीन वेळा शपथ घेऊन इशारा दिला (बुखारी).

आणि ती हदीस तर आपण वारंवार ऐकतो. कयामतच्या दिवशी अल्लाह दासाला विचारील की मी आजारी होतो, तू मला भेटायला आला नाहीस. दास म्हणेल, हे प्रभू, तू तर साऱ्या विश्वाचा पालनकर्ता आहेस, मी तुझी भेट कशी घेऊ? तेव्हा अल्लाह सांगेल की माझा अमुक दास आजारी होता. तू त्याला भेटला असतास तर मी तुला त्याच्याजवळ सापडलो असतो (मुस्लिम). संसर्गाच्या आजारात जवळ जाणे शक्य नव्हते, हे खरे. पण दुरून हाक मारणे शक्य होते. फोन करणे शक्य होते. उंबऱ्यावर डबा ठेवणे शक्य होते.

चांगुलपणाचा मोबदला

अल्लाहचे आभार की आपल्याच जिल्ह्यात उजेडाचीही उदाहरणे घडली. 2020 च्या रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ईदचा खर्च टाळून 36 लाख रुपये जमवले आणि तेथील इंदिरा गांधी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभारून दिला. त्या खाटांवर कोण झोपणार हे त्यांनी विचारले नाही. स्वतः गरजेत असतानाही दुसऱ्याला प्राधान्य देणाऱ्या अन्सारांची कुरआनने जी स्तुती केली (सूरह हश्र, 59:9), तिचे हे आपल्या काळातील रूप होय.

असे कार्य अजूनही शिल्लक आहे. प्रत्येकाने स्वतःला पुढील गोष्टी विचाराव्यात.

पहिली गोष्ट कृतज्ञतेची. जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचे आभार मानत नाही, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे (अबू दाऊद, तिर्मिजी). आपल्या गावातील आरोग्य केंद्रात जाऊन, ज्यांना त्या काळात संसर्ग झाला होता, त्यांची आपण एकदा तरी विचारपूस केली काय?

दुसरी गोष्ट मोबदल्याची. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, असा आदेश आहे (इब्ने माजा). आमच्या डोंगराळ वाड्या पायी तुडवणाऱ्या आशाताईंना पगार नव्हता, मानधन होते. जून 2021 मध्ये, साथ चालू असतानाच, महाराष्ट्रातील हजारो आशाताईंना मानधनासाठी संप करावा लागला. पुढे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला. सन्मानाने चूल पेटत नाही. त्या आपल्या हक्कासाठी उभ्या राहतात तेव्हा त्यांच्या बाजूने बोलणे, हे न्यायाची साक्ष देणे आहे.

तिसरी गोष्ट वारसांची. सेवेत मरण पावलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्र शासनाने मार्च 2020 मध्ये 50 लाख रुपयांच्या विम्याची योजना जाहीर केली होती. कागदपत्रे जुळवणे हे दुःखात बुडालेल्या घराला सोपे नसते. अशा एखाद्या घरातील अर्ज, दाखला, पाठपुरावा यांत मदत करणारा सुशिक्षित तरुण मोठे पुण्य कमावतो. अनाथ झालेल्या मुलांच्या शिक्षणाचा भार उचलणे तर त्याहून श्रेष्ठ.

चौथी गोष्ट जे बरे झाले त्यांची. काहींना पुढे कितीतरी महिने धाप, थकवा, निद्रानाश भोगावा लागला. आपल्यामुळे घरातील वृद्धाला आजार लागला आणि तो गेला, हे ओझे काहीजण आजही वाहतात. त्यांना धीराचे चार शब्द सांगा. सांगा की आजार तुम्ही आणला नाही, तुम्ही सेवा करीत होता, आणि आयुष्याची मुदत अल्लाहच्या हाती आहे.

जे गेले त्यांच्यासाठी

साथीच्या आजारात मरण पावणारा श्रद्धावंत शहीद होय, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. एवढेच नव्हे, तर जो साथीच्या ठिकाणी संयमाने, अल्लाहकडून मोबदल्याची आशा ठेवून थांबून राहतो, त्यालाही शहिदासारखा मोबदला असल्याची शुभवार्ता हदीसमध्ये आहे (बुखारी). ज्या घरातील मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी या सेवेत गेली, त्या घराने ही शुभवार्ता हृदयाशी धरावी. त्या काळात शेवटचे दर्शनही झाले नाही, जनाजाला चारच माणसे होती, म्हणून खंत करू नये. जनाजाची गर्दी माणसे पाहतात, अल्लाह नियत पाहतो.

आणि जे आपल्या धर्माचे नव्हते, त्यांचे काय? कोणाच्या अंतःकरणाचा निवाडा करणे हे आपले काम नाही. तो अधिकार अल्लाहचा आहे. आपल्यावर बंधनकारक आहे ते एवढेच, की उपकाराचा मोबदला उपकारानेच द्यावा (सूरह रहमान, 55:60).

आपल्यापैकी जे स्वतः डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते, रुग्णवाहिकेचे चालक आहेत, त्यांना एकच विनंती. कामाला निघताना नियत करा. पगार मिळतो म्हणून ते काम इबादत होत नाही असे समजू नका. अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी रुग्णाला पाजलेले घोटभर पाणीही वाया जात नाही.

पुन्हा त्या दाराशी

आता सुरुवातीच्या कबुलीकडे येतो. मार्च 2021 मध्ये साठ वर्षांवरील लोकांचे लसीकरण सुरू झाले. मी माझ्या वृद्ध आईला घेऊन केंद्रावर गेलो. लस द्यायला समोर सिस्टरच होती. तिने आईचा दंड हातात घेतला, म्हणाली, ‘आजी, घाबरू नका, मुंगी चावल्यासारखे वाटेल.’ माझ्याकडे पाहून ती नेहमीसारखेच हसली. त्या हसण्याने मला जी लाज वाटली, ती कोणाच्या रागावण्याने वाटली नसती.

त्याच संध्याकाळी मी व पत्नी तिच्या घरी गेलो आणि मी माफी मागितली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘भाऊ, माझे काही नाही. पण मुले कितीतरी दिवस विचारत होती, आई, आपले काय चुकले?’

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिने माफ केले. मुलांच्या मनातून ते दिवस पुसणे माझ्या हाती नव्हते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खरा दिवाळखोर कोण, हे सांगितले आहे. जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, परंतु कोणाला दुखावलेले, कोणाचे हक्क मारलेले असतील; मग त्याची सत्कर्मे त्या हक्कदारांना वाटून टाकली जातील (मुस्लिम). माणसाचा हक्क माणसाकडूनच माफ करून घ्यावा लागतो. आपल्या आळीत, आपल्या गावात असे एखादे लोटलेले दार असेल, तर ते उघडण्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहू नका. आज असरच्या नमाजनंतर वेळ आहे. जा, दार वाजवा.

हे अल्लाह, तुझ्या आजारी दासांची सेवा करता करता जे आजारी पडले, त्यांना आरोग्य दे. जे या मार्गात मरण पावले, त्यांच्या घरांचा तू सांभाळ कर. आमच्या भीतीला, आमच्या मौनाला आणि आमच्या निष्ठुरपणाला क्षमा कर. आमच्या मुला-मुलींना दुसऱ्याच्या दुःखाजवळ जाण्याचे धैर्य दे. आमीन.